भागूची मान

माझे हात दुखतात, हे आधीच सांगून टाकतो. पुढं कुणी म्हणायला नको की हौशीराम नाटकं करतो. बावीस वर्षं झाली मोटारी भरतोय. जळकी मोटर यायची, आतली काळी पडलेली तार उपसून काढायची, नवी तार एकेक वेढा मोजत बसवायची, व्हार्निश मारायचं, वाळवायचं. जुन्नरच्या एसटी स्टँडच्या मागं माझं वायंडिंगचं दुकान आहे. तालुक्यात कुणाच्या विहिरीला किती पाणी आहे हे तलाठ्यापेक्षा मला जास्त ठाऊक. उन्हाळ्यात व्होल्टेज पडतं, मोटारी जळतात, आणि गिऱ्हाईक दुकानात येऊन माझ्याकडं असं बघतं की जणू मीच रात्री जाऊन ती जाळून आलोय.

एवढं कमी होतं म्हणून मी खेळाडू करायला लागलो.

शहाण्णव साली वर्ल्ड कपाची मॅच चालू असताना लाइट गेली. दुकानात पंधरा माणसं टीव्हीसमोर बसलेली, ती शिव्या देत उठून गेली. मी एकटाच राहिलो. हातात जुन्या मोटारीची तांब्याची तार होती, ती पिळता पिळता तिचा बॅट्समन झाला. वाकलेला गुडघा, उचललेली बॅट. मग त्याच्यावर नळाची गळती बुजवतात तो एमसीलचा मळ चढवला, वाळल्यावर रंग दिला. पाच इंचांचा गडी. काउंटरवर ठेवला तर जो येईल तो मोटर विसरून तोच उचलून बघायचा.

झालं. तिथून जे सुरू झालं ते थांबेना. आमच्या तालमीचा पैलवान करा. आमच्या मंडळाचा कबड्डीचा कॅप्टन करा. आमचा घाटातला बैलगाडा करा, चार बैल आणि पुढं घोडी. मी पैसे घेत नव्हतो, म्हणून तर रांग जास्त. माझी बायको अंजना म्हणायची, "लष्कराच्या भाकऱ्या भाजा तुमी. घरातली नळाची तोटी सहा म्हैने गळतीय, तिला एमसील मिळत न्हाई." आणि कुणी पाहुणा आला की त्याला सांगायची, "ह्यांच्या नावातच हौस हाय, आमी काय करनार?"

माझी एक रीत होती, ती सांगतो. पाच इंचांत चेहरा येत नाही. नाक-डोळे कितीही कोरले तरी तो गावातल्या कुणाचाही चेहरा वाटतो. माणूस ओळखू येतो तो त्याच्या खोडीवरून. कुणी चढाईला जाण्याआधी उजव्या मांडीला माती चोळतो, कुणी बनियनची कड दातांत धरतो, कुणी पैलवान हात मिळवायच्या आधी डाव्या पायाचा अंगठा मातीत रुतवतो. मी यात्रेला, सामन्याला जायचो तो खेळ बघायला नाही, खोडी बघायला. त्यांची माझ्याकडं वही होती. गाव, नंबर आणि पुढं खोड. ती खोड बरोबर बसली की मागणारा माणूस मूर्ती हातात घेतल्या घेतल्या हसायचा आणि म्हणायचा, "आयला, ह्यो त्योच!" तेवढ्यासाठी मी मान मोडून बसायचो.

पण दोन हजार चार साल उजाडेस्तोवर माझ्यातलं सगळं तेल संपलं होतं. डोळ्याला जाड चष्मा, बोटांच्या पेरांत कळ, आणि खेळाडू मागणारी माणसं आता दटावून मागायची. एक जण तर म्हणाला, "एवढं काय लागतंय राव, तार पिळायची आन् मळ लावायचा." मी त्या दिवशी ठरवलं की बंद. शेवटच्या एमसीलच्या दोन कांड्या कपाटात टाकल्या आणि खोडींची वही त्यांच्यावर ठेवली.

त्यानंतर आठवड्याभरानं लंकाबाई आली.

चैत्रातली दुपार होती, लाइट नव्हती. मी कोमट पाण्याच्या बादलीत हात घालून बसलो होतो. दारात एक म्हातारी उभी राहिली. डोंगरातली, हे लुगडं नेसण्यावरूनच कळत होतं. खांद्याला रिकामं पोतं. बाजारात हिरडा घालून आली असावी.

"खेळनारी मानसं करून देनारं तुमीच का?"

"करत व्हतो. आता बंद केलंय."

ती पायरीवर बसली. डोंगरातल्या माणसांना नाही म्हटलं की ती भांडत नाहीत, बसतात. शहरातल्या माणसाला घालवता येतं, बसलेल्या माणसाला कसं घालवणार? थोड्या वेळानं मीच म्हणालो, "कोणाचं पायजे व्हतं?"

"माझा ल्योक. भागू. घाटघरच्या टीममदी व्हता. फोटू न्हाई माझ्याकडं."

आणि इथं मी फसलो. कारण मला तो आठवत होता. अठ्ठ्याण्णव साली घोडेगावला कबड्डीचे सामने होते. डोंगरातला एक संघ आला होता, अनवाणी खेळणारा, आणि त्यांच्यातला सात नंबर बाकी सगळ्यांना पुरून उरला होता. चढाईला निघताना तो मातीला हात लावून कपाळाला लावायचा, आणि मधल्या रेषेवर पाय टाकण्याआधी डाव्या खांद्यावरून एकदा मागं बघायचा. डोळा लवतो न लवतो तेवढंच. मग आत. हरेक चढाईला. मला वाटलं होतं की हा वेळ लावून समोरच्यांना चिडवतोय. पण खोड अशी होती की मी ती वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या.

"फोटू लागत न्हाई," मी म्हणालो. "मला आठवतोय त्यो."

म्हातारी माझ्याकडं बघतच राहिली. "तुमाला आठवतोय?"

"व्हय तर. सात नंबर."

तिनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, आईचा जीव, भरून आलं. आणि खरं सांगतो, मलाही बरं वाटलं. दुखऱ्या हाताच्या माणसालाही कौतुक लागतंच.

"बनियन कंच्या रंगाचं व्हतं त्याचं?" मी विचारलं.

"रंग नगं. चंदेरी करा. पायापासून डोस्क्यापातूर चंदेरी."

तेव्हाच मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. रंगकामानंच तर माझे डोळे गेले होते. नंबर काढा, काठ काढा, गुडघ्याची पट्टी काढा. चंदेरी म्हणजे मोटारीच्या बॉडीला मारतो त्या डब्यातला एक हात, की सुटलो. मी मनात म्हणालो, म्हातारीला अक्कल आहे.

"आन् आखितीच्या आत पायजे," ती म्हणाली.

"मिळंल," मी म्हणालो.

सगळा जोर मी त्या मानेवर लावला. अंगाला काय, कुणाचंही अंग तसंच. पण मान तीनदा केली आणि तीनदा मोडली. फार वळली तर माणूस भ्यालेला दिसायचा, कमी वळली तर काहीच दिसायचं नाही. चौथ्यांदा जमली. एक पाय रेषेकडं, हात कपाळावरून खाली येतोय, आणि मान डाव्या खांद्यावरून मागं. वर चंदेरी रंगाचा हात मारला. आठ वर्षांत जेवढे केले त्यांत हा एकच मला पुरता पटला.

आठ दिवसांनी ती आली. मूर्ती हातात घेतली. मी वाट बघत होतो की आता म्हणेल, ह्यो त्योच. तिनं अंगठा त्या मानेवरून फिरवला.

"ह्यो मागं कशापायी बघतोय?"

"बघायचाच त्यो. हरेक चढाईला. तुमी कवा बघितलं न्हाई?"

"व्हय," ती म्हणाली. "बघायचा." मग मूर्ती फडक्यात गुंडाळून ती एसटीला गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवताना मी अंजनाला सांगितलं. कौतुकानंच सांगितलं, की एक म्हातारी आली होती, रंगाची कटकट नाही, नुसता चंदेरी मागितला. अंजनाचा भाकरी वाढणारा हात थांबला.

"चंदेरी? आन् कवा पायजे म्हनली?"

"आखितीच्या आत."

"आवो, तुमी खेळाडू न्हाई केला. टाक केलात तुमी."

मी हातातला घास ताटात ठेवला. आमच्याकडं घरातला तरणा माणूस गेला की सोनाराकडून चांदीचा टाक घडवून आणतात आणि देव्हाऱ्यात देवांच्या शेजारी बसवतात. त्याला वीर म्हणतात. आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याच्या नावानं पाण्याचं मडकं पुजतात. आमच्या स्वतःच्या देव्हाऱ्यात माझा चुलता आहे, विहिरीत पडून गेलेला. आणि मला तेवढं सुचू नये? म्हातारीनं पोर गेल्याचं तोंडानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मी तर तिला विचारत बसलो की बनियन कुठल्या रंगाचं. लाज वाटली मला.

त्या दोन दिवसांत मी भागूसाठी बराच हळहळलो. येईल त्याला सांगत होतो. असंच गोरखला सांगितलं. गोरख घोडेगावचा, कबड्डीच्या सामन्यांना पंच म्हणून उभा राहायचा, त्या दिवशी मोटर घेऊन आला होता.

"घाटघरचा भागू गेला बिचारा," मी म्हणालो.

"कंचा भागू? सात नंबर?" गोरख हसला. "कोन म्हनतंय? गेल्या म्हैन्यात भोसरीला त्याच्यासंगं च्या पिलो की मी. टेम्पो चालवतो. थितंच बाई केलीय त्यानं, दोन वर्साची पोरगी हाय."

मी स्टुलावर बसलो. गोरखची मोटर कशानं जळाली हे तो सांगत राहिला, मला एक अक्षर कळलं नाही.

घरी सांगितल्यावर अंजना पांढरीफटक पडली. "जित्या मानसाचा टाक? आन् तुमच्या हातचा? उद्याच्या उद्या जा आन् म्हातारीला सांगा. चार दिवसांवर आलीय आखिती. बसवायच्या आत थांबवा. त्या पोराला काय झालं तर ते आपल्या माथी."

मी असल्या गोष्टी मानत नाही असं म्हणायची माझी पद्धत होती. पण त्या दिवशी म्हणालो नाही. शिवाय मनात दुसरंही होतं. त्या आईला आपण जाऊन सांगायचं की तुझा लेक जिवंत आहे. अशी बातमी द्यायला आयुष्यात किती वेळा मिळते?

घाटघरच्या धर्माजीच्या पिठाच्या गिरणीची मोटर भरून पडलीच होती. ती एसटीच्या टपावर चढवली, हत्याराची पिशवी घेतली. कपाटातल्या एमसीलच्या त्या दोन कांड्याही पिशवीत टाकल्या. गिरणीच्या बेसला कुठं तडा असला तर असाव्यात म्हणून. मोटर बसवून दिली आणि विचारत विचारत लंकाबाईच्या घरी गेलो. वर जीवधनचा किल्ला तापून उभा होता, सावलीला कुत्रीसुद्धा हलत नव्हती.

घर सारवलेलं, स्वच्छ. कोपऱ्यात लाकडी देव्हारा. देव्हाऱ्याबाहेर, खाली, एका ताटलीत तांदळावर माझा भागू उभा होता. आणि त्याच्यासमोर भिंतीला टेकून एक बाई बसली होती, पंचविशीची असेल. मी आलो तरी तिनं मान वर केली नाही.

"माझी सून," लंकाबाई म्हणाली. "वैजयंती. बसा भाऊ, पानी देते."

मला दम निघेना. "मावशी, पानी ऱ्हाऊ द्या. भागू जिता हाय! भोसरीला हाय. आमच्या वळखीच्यानं डोळ्यानं बघितलाय."

मी तिच्या तोंडाकडं बघत राहिलो. काहीच झालं नाही. ती सुनेकडं वळून म्हणाली, "वैजे, गार पानी घिऊन ये गं हिरीवरनं. पावनं उन्हातनं आल्यात." सून उठली, हंडा घेतला आणि बाहेर गेली.

मग म्हातारी माझ्यासमोर बसली. "ठावं हाय मला," ती म्हणाली. "दोनदा जाऊन आले भोसरीला. दुसऱ्या येळंला त्यानं दारातनंच वाटंला लावली."

"मग ह्ये काय मावशी? जित्या पोराला वीर करताय?"

"काडीमोड करायला पंचांम्होरं त्यानं याया पायजे. तीन डाव सांगावा धाडला, येत न्हाई. काडी मोडल्याबिगार हिचा दुसऱ्याशी पाट लागत न्हाई. चार वर्सं झाली, पोर बसून हाय माझ्या दारात. ना नवरा, ना मूल. मी आज हाय, उद्या न्हाई. हिनं काय करायचं?" तिनं पदरानं तोंड पुसलं. "डिंभ्याकडचं ठिकान आलंय. बिजवर हाय, पर मानूस चांगला. मेलेल्याला काडी मोडावी लागत न्हाई, भाऊ. आखितीला वीर बसला की पंच व्हय म्हनत्यात. त्यांनाबी समदं ठावं हाय. पर आईनंच वीर बसवल्यावर कोन तोंड उघडंल?"

मी मोटारीवाला माणूस. एवढंच म्हणालो, "पोटच्या पोराला..."

"पोटचा हाय म्हनूनच मला करावं लागतंय. दुसऱ्या कुनी केलं असतं तर मी त्याचं तोंड फोडलं असतं."

"मग सोनाराकडं जायचं. माज्याकडं कशाला आलात?"

"सोनार घोड्यावरचा गडी ठोकून देतो. समद्यांना येकच. पंचांना त्यो चालला असता." तिनं ताटलीतले तांदूळ सारखे केले. "पर मला त्योच पायजे व्हता. घालवायचाच हाय तर निदान डोळ्याम्होरं तरी असावा की."

मला फार वाईट वाटलं, आणि थोडा अभिमानही वाटला. तो अभिमान तिनं लगेच उतरवला.

"पर तुमी घोळ करून ठिवला, भाऊ. ह्यो घरात आल्यापासनं ती हालंना. आधी तयार झाली व्हती जायाला. आता म्हन्ती, आत्याबाई, ह्यो माझ्याकडं बघतोय."

"म्हंजी?"

"घोडेगावच्या सामन्याला तिला घिऊन गेला व्हता. नवी नवरी व्हती. बायांत बसली व्हती, डाव्या अंगाला. हरेक चढाईला तिच्याकडं बघून जायाचा. तुमी नेमकं त्येच काढलं. म्हन्ती, असं बघनारा मानूस येनार, आज ना उद्या येनार. म्हन्ती, मी न्हाई जानार डिंभ्याला."

माझ्या वहीत दोन रेघा मारलेली ती खोड. मला वाटलं होतं तो समोरच्यांना चिडवतोय. आठ वर्षं मी लोकांना सांगत फिरलो की मला माणूस खोडीवरून कळतो. कळत काहीच नव्हतं, नुसतं दिसत होतं.

"दुसरी बाई केल्याचं सांगितलंय का हिला?" मी विचारलं.

"न्हाई. येवढंच सांगितलं, त्यो येत न्हाई. म्होरचं सांगायला माझी जीभ न्हाई उचलली." तिनं ताटलीतून मूर्ती उचलून माझ्या हातात दिली. "मान सरळ करा ह्याची."

मी साफ नाही म्हणालो. मला काम नको होतं म्हणून नाही. आठ वर्षांत मला पटलेला तो एकच गडी होता, आणि त्याच्यात खरं काही असेल तर ती मान. "मावशी, मान फिरवली तर ह्यो भागू ऱ्हानार न्हाई. कुनाचाबी होईल. सोनाराच्या गड्यासारखा."

"हू द्या."

"तुमाला डोळ्याम्होरं पायजे व्हता ना?"

"पायजे व्हता," ती म्हणाली. "आता नगं."

पिशवीतून मी हॅक्सॉचं पान आणि पक्कड काढली. एमसील वाळलं की दगड होतं, ते वाकवता येत नाही. वरचं कवच कापून काढायचं, आतली तांब्याची तार पिळायची आणि पुन्हा नवं एमसील भरायचं. पान मानेवर टेकवलं तेव्हा मला माझ्या चुलत्याची आठवण झाली, का ते माहीत नाही. चंदेरी भुगा मांडीवर पडत होता. लंकाबाई भिंतीकडं तोंड करून बसली.

तेवढ्यात वैजयंती पाण्याचा हंडा घेऊन आत आली. तिनं माझ्या हातात मान कापलेला नवरा बघितला. हंडा खाली ठेवला, मला तांब्याभर पाणी दिलं आणि तिथंच उभी राहिली. मी पाणी प्यायलो. काळी-पांढरी कांडी मळून एकजीव केली. पकडीनं तार पिळून डोकं समोर आणलं, मानेभोवती मळ भरला. हात काढला तर डोकं हळूहळू पुन्हा डावीकडं यायला लागलं. तांब्याची तार जुन्या मोटारीतली, वर्षानुवर्षं एकाच वेढ्यात राहिलेली. पिळली की थोडी माघारी येतेच. मळ घट्ट होईस्तोवर कुणीतरी डोकं धरून ठेवायला लागतं.

मी धरलं. पाच मिनिटांत माझ्या बोटांना अशी कळ लागली की हात थरथरायला लागले आणि डोकं हललं. "मावशी, तुमी धरा वाईच. माज्या हातानं हुईना."

लंकाबाईनं वळून बघितलं. तिनं हात पुढं केला आणि मागं घेतला. भोसरीला जाऊन आलेली, पंचांना वाकवलेली, पोराला वीर करायला निघालेली ती बाई म्हणाली, "मला न्हाई हुनार."

वैजयंती माझ्यासमोर येऊन बसली. "कुठं धरायचं?"

मी दाखवलं. एक हात खांद्याला, दुसऱ्या हाताच्या दोन बोटांत डोकं, आणि अंगठा मानेच्या ओल्या मळावर. तिनं धरलं. तिचे हात माझ्यासारखे हलत नव्हते. हंडा वाहणारे हात ते.

"किती येळ?"

"अर्धा तास तरी. मधी सोडलं तर मान मागं येनार."

ती बराच वेळ त्याच्या तोंडाकडं बघत राहिली, तो आता तिच्याकडं बघत नव्हता. मग मान खाली घालूनच म्हणाली, "भाऊ, मघाशी तुमी म्हनला त्यो जिता हाय. त्ये मला ठावंच हाय. पर थितं कुनी हाय का त्याच्यासंगं?"

मी लंकाबाईकडं बघितलं. ती जमिनीकडं बघत होती. सासूची चार वर्षं न उचललेली जीभ आता माझ्या तोंडात आली होती. मी थकलो होतो. खोटं बोलायलासुद्धा अंगात जोर लागतो.

"हाय," मी म्हणालो. "पोरगी बी हाय दोन वर्साची."

ती रडली नाही. तिचा अंगठा मात्र त्या मळात खोल रुतला, मला दिसलं. मी म्हणायला हवं होतं की हळू धरा, ठसा उमटतोय. म्हणालो नाही.

बाहेर धर्माजीची गिरणी सुरू झाल्याचा आवाज आला. मोटर बरी चालत होती. माझं एक काम तरी धड झालं होतं. पाऊण तास झाल्यावर मी नखानं मळ टोकरून बघितला. दगड झाला होता. मानेवर अंगठ्याची पूर्ण खूण, आणि भागू नाकासमोर बघत उभा.

"झालं," मी म्हणालो. "वाळलं. सोडा आता."

तिनं सोडलं नाही.

"थोडा येळ धरते अजून," ती म्हणाली. "माघारी याया नगं."

खाली रस्त्यावर चारच्या एसटीचा हॉर्न वाजला. त्यानंतर जुन्नरला जायला गाडी थेट सकाळी होती. मी पिशवी भरली नाही, तिथंच बसून राहिलो.